एका तासाचे गोवे

मुंबईपासून गोवे आता एका तासावर आले आहे, हे वाक्य गेली काही वर्षे आम्ही इतक्या ठिकाणी आणि इतक्या तोंडांतून ऐकत आहोत की, ते खरे की खोटे हे तपासून पाहावे असे कोणाच्या मनातच येईनासे झाले आहे. जमिनीचे दलाल ते बोलतात, पुढारी व्यासपीठावरून बोलतात, मुंबईकर आप्त सुटीचा बेत आखताना बोलतात, आणि अलीकडे न्यायालयातही ते कानी पडू लागले आहे. वकिली करणाऱ्या माणसास एक खोड जडलेली असते. जे विधान सर्व जण एकमुखाने मान्य करतात, त्याचीच उलटतपासणी घेण्याची त्याला हुक्की येते. ती उलटतपासणी आम्ही येथे घेणार आहोत. आणि आमचे म्हणणे काय, हे आरंभीच सांगून टाकतो. हे विधान खोटे आहे. ते नुसते खोटे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु त्या खोट्याचा भुर्दंड विमानात कधी न बसणाऱ्या माणसाला भरावा लागत आहे, म्हणून हा खटाटोप.

प्रथम हिशेब पाहू. मुंबई आणि गोवे या दोन शब्दांनी आज नेमकी कोणती दोन ठिकाणे समजावयाची, येथपासूनच प्रश्न आहे. सहारचा विमानतळ ते दाबोळी हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४२५ किलोमीटर भरते. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाला. सहारपासून तेथवरचे अंतर सुमारे ३८५ किलोमीटर. त्यात २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे ‘मुंबई’ही एक राहिली नाही. म्हणजे एकाच वाक्यात चार निरनिराळी अंतरे दडलेली आहेत, आणि बोलणाऱ्यास आपण यांपैकी कोणते बोलतो याची जाणीवही नसते. सावंतवाडीच्या माणसाला मोपा पणजीपेक्षा जवळ आहे. काणकोणच्या माणसाला तेच मोपा सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. तरी दोघांनाही सांगायचे ते एकच: एक तास!

आता हा तास कसला? विमान जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंत साधारण पाऊण तास जातो. वेळापत्रकात मात्र सव्वा तास, क्वचित् त्याहूनही अधिक लिहिलेला असतो. कारण वेळापत्रकातील काळ विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी उभे राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी वस्तुतः एकीचाच उपयोग होतो. मग काही विमाने जमिनीवर रांगेत उभी राहतात, तर काही आकाशात घिरट्या घालतात. ही रांग वेळापत्रकात आधीच मुरवलेली असते. म्हणजे ज्याला आपण उड्डाणाचा काळ म्हणतो त्यात उड्डाण पाऊण तासाचे आणि बाकीचे तिष्ठणे.

हेही बाजूस ठेवू. गिरगावातील एखादा गृहस्थ मडगावास आपल्या बहिणीकडे निघाला आहे, अशी कल्पना करा. घरापासून सहारपर्यंत दीड तास. उड्डाणाच्या दोन तास आधी हजर राहावे, अशी विमानतळावरची सूचना. सव्वा तास विमानात. उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी अर्धा तास. मोपाला उतरला असेल तर मडगावास जाण्यास आणखी दीड तास. बेरीज पावणेसात तासांची होते. २०२३ च्या जूनमध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पहाटे निघून पावणेआठ तासांत त्याच मडगावास पोहोचविते. स्थानकावर येण्याजाण्याचा वेळ धरला तर साडेआठ. तेव्हा एक तास विरुद्ध आठ तास अशी जी तुलना लोकांच्या मनात ठसली आहे, ती प्रत्यक्षात पावणेसात विरुद्ध साडेआठ अशी आहे. विमान वेगवान आहे हे आम्हांस मान्य आहे. पण त्या वेगापैकी आठातले सात हिस्से जाहिरातीचे आहेत.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा शब्दच्छल झाला. बोलाचालीत माणसे ढोबळ बोलतात, त्यात वकिली कसली काढता? आमचे उत्तर असे की, ढोबळ बोलणे बोलण्यापुरते राहिले असते तर आमची तक्रार नव्हती. ते कायद्यात शिरले आहे.

आपल्या देशात अंतर कसे मोजावे याचा कायदा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १८९७ च्या साधारण खंड अधिनियमाचे, म्हणजे जनरल क्लॉजेस ॲक्टचे, अकरावे कलम सांगते की, निराळा उद्देश दिसून येत नसेल तर केंद्रीय कायद्यातील कोणतेही अंतर समतल भूमीवर सरळ रेषेत मोजावे. कलम लिहिणाऱ्यांपुढे नकाशा होता, सह्याद्री नव्हता. आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, सोळाव्या आदेशाच्या एकोणिसाव्या नियमात, साक्षीदारास किती दुरून न्यायालयात खेचून आणता येते याची मर्यादा घातलेली आहे. मूळची मर्यादा ५० मैलांची, आणि वाटेचा पाच-षष्ठांश भाग आगगाडी, आगबोट किंवा अन्य ठरीव सार्वजनिक वाहनाने तुटत असेल तर २०० मैलांची होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती अनुक्रमे १०० व ५०० किलोमीटर झाली. त्याच वेळी एक परंतुक जोडण्यात आले: दोन ठिकाणांमध्ये विमानाची सोय असेल आणि साक्षीदारास विमानाचे भाडे दिले असेल, तर त्याला जातीने हजर राहण्याचा हुकूम करता येईल.

या नियमाचे जुने शब्द पुन्हा वाचून पाहावेत. ज्याने ते लिहिले त्याने साक्षीदाराच्या पायांचा विचार केला होता. पाच-षष्ठांश वाट वाहनाने तुटते काय, हे विचारणारा कायदा उरलेला एक-षष्ठांश भाग तो माणूस कसा तुडवील हेही मनात आणीत होता. परंतुकाने हा विचार संपविला. भाडे दिले की अंतर नाहीसे झाले!

हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. एका मृत्युपत्राच्या वादात आम्ही स्वतः हे पाहिले आहे. मृत्युपत्रावर साक्ष घातलेले एक निवृत्त शिक्षक सत्तरी तालुक्यात, वाळपईपलीकडच्या एका वाड्यावर राहत होते. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे अधू. दावा मुंबईस. आम्ही विनंती केली की, आयुक्त नेमून त्यांची साक्ष गोव्यातच घ्यावी. आमचा युक्तिवाद असा की, रस्त्याने पाहिले अथवा रुळांनी पाहिले, वाट ५०० किलोमीटरांहून अधिक आहे; आणि जो नियम आगगाडीच्या पाच-षष्ठांश वाटेची भाषा करतो, त्याला पक्ष्याची सरळ रेषा अभिप्रेत असणे शक्य नाही. प्रतिपक्षाच्या विद्वान वकिलांनी अकरावे कलम काढले. सरळ रेषेत मुंबई ते वाळपई सुमारे ४०० किलोमीटर. म्हणजे साक्षीदार मर्यादेच्या आतच! आणि तेही अमान्य असेल तर परंतुक आहेच; भाडे भरण्यास आमचा पक्षकार तयार आहे. “एका तासाचा तर प्रश्न आहे,” असे म्हणून ते खाली बसले.

हुकूम झाला. गुरुजी पहाटे तीनला उठून, पुतण्याला सोबत घेऊन, भाड्याच्या मोटारीने मोप्याला आले. पावसाचे दिवस होते. विमान तीन तास उशिरा निघाले. ते न्यायालयात पोहोचले तेव्हा दिवसाचे काम उठले होते. पुढची तारीख पडली. परतीच्या विमानाला अवकाश होता, म्हणून ते रात्री आमच्या घरी राहिले. जेवताना त्यांनी आम्हांस एवढेच विचारले, “वकीलसाहेब, विमानात मी बसलो तो पाऊण तास. मग उरलेले दोन दिवस माझे कोणी नेले?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या तारखेस ते पुन्हा आले. पुतण्याचे भाडे मात्र कोणत्याही नियमात बसत नव्हते.

न्यायालयास आम्ही दोष देत नाही. त्याने कायदा वाचला तसा लावला. दोष त्या समजुतीचा, की विमानाचा मार्ग असला म्हणजे अंतर उरत नाही. तीच समजूत दुसऱ्या एका कोष्टकात अधिक उघडीवाघडी दिसते. ऐनवेळी विमान रद्द झाले तर प्रवाशास किती भरपाई द्यावी, याचे दर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ च्या नियमांत बांधून दिले. उड्डाण एका तासापर्यंतचे असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचे असेल तर ७,५००, त्याहून लांबचे असेल तर १०,०००. अथवा मूळ भाडे व इंधन-आकार मिळून होणारी रक्कम, यांपैकी जी कमी ती. म्हणजे विमान रद्द झाल्याने तुमचे काय बुडाले—मुलाखत, मुलीची बोलणी, की चुलत्याचे अंत्यदर्शन—याला मोल नाही. किती वेळ आकाशात राहिला असता, त्यावर नुकसानीचे मोजमाप! वास्तविक जवळच्या प्रवासातच माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा बेत करतो, आणि त्याचाच दिवस सर्वांत सहज बुडतो.

आता थोडे मागे जाऊ. कारण मुंबई आणि गोवे यांच्यातील अंतर हे आकाशात ठरत नसून धोरणात ठरते, याला इतिहास साक्षी आहे. १९५५ साली आर्थिक नाकेबंदीत गोव्याचा भारताशी असलेला आगगाडीचा संबंध तुटला. त्याच वर्षी पोर्तुगीज सरकारने दाबोळीहून आपली विमानसेवा सुरू केली. तिची विमाने कराचीस जाऊ लागली, आणि पुढे लिस्बनपर्यंत पोहोचली. मुंबई तेव्हाही ४२५ किलोमीटरांवरच होती. पृथ्वी आकुंचन पावली नव्हती की प्रसरण पावली नव्हती. तरी म्हापशाच्या ज्या घरातला मुलगा धोबीतलावच्या कूडीत राहून चाकरी करीत होता, त्या घराला मुंबई सातासमुद्रांपलीकडे गेली आणि कराची जवळ आली. १९६१ च्या डिसेंबरात गोवे मुक्त झाले तेव्हा तेच अंतर एका रात्रीत पुन्हा उतरले. अंतर हे किलोमीटरांत असते असे म्हणणाऱ्यांनी या सहा वर्षांचा हिशेब द्यावा.

मुक्तीनंतर भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटत. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहेत. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती बोट दुसऱ्या दिवशी पणजीस लागे. ती संथ होती, तिच्या डेकवर माणसे दाटीवाटीने पथाऱ्या टाकीत, आणि समुद्र खवळला की हाल होत. तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तिच्या वाटेवर गावे होती. बोट मुंबई आणि पणजी यांना जोडी, तशी ती देवगडला मालवणशी आणि मालवणला पणजीशीही जोडी. विमानाला मधले गाव नसते. ज्या दिवशी आपण विमानाच्या तासाला ‘अंतर’ म्हणू लागलो, त्या दिवशी मधली सारी किनारपट्टी आपल्या मोजमापातून वगळली गेली. बोटी बंद पडल्या. त्यांच्या जागी किनाऱ्याला दुसरे काय दिले, हा प्रश्न विचारायलाही मग कोणी उरले नाही.

कोकण रेल्वेने हा अन्याय पुष्कळ अंशी दूर केला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरांचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला, तेव्हा गोवे खऱ्या अर्थाने जवळ आले. पणजीचे, कुडाळचे आणि चिपळूणचेही. पण तेथेही अंतराचा एक चमत्कार पाहावयास मिळाला. उभारणीचा खर्च भरून काढावयाचा म्हणून या मार्गावर भाडे आकारताना प्रवासाचे अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरण्याची रीत पडली. १०० किलोमीटर गेलेल्या माणसाने १४० किलोमीटर गेल्याचे पैसे मोजावयाचे! कायद्याच्या भाषेत याला कल्पित म्हणतात. दोन्ही कल्पिते शेजारी ठेवून पाहा. विमानाने जाणाऱ्याला अंतर आकसून सांगितले जाते आणि आगगाडीने जाणाऱ्याला ते फुगवून विकले जाते. किनारा एकच, दोन शहरेही तीच.

रस्त्याविषयी काय लिहावे? मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली हाती घेतले गेले. त्यानंतर एक तप उलटले तरी गणपतीला गावी निघालेला चाकरमानी त्याच खड्ड्यांतून हाडे मोडून घेत गेला, आणि उच्च न्यायालयाला त्याबद्दल सरकारची वारंवार कानउघाडणी करावी लागली. या काळात चिपीस विमानतळ झाला, मोप्यास झाला, उलव्यास झाला. आम्ही असे म्हणत नाही की, विमानतळ झाले म्हणून रस्ता रखडला. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्यांच्या हाती रस्ता होता ते स्वतः त्या रस्त्याने जात नव्हते. त्यांच्या लेखी गोवे खरोखरच एका तासावर आले होते. चिपीची गोष्ट तर याहून बोलकी आहे: २०२१ च्या ऑक्टोबरात तो विमानतळ मोठ्या गाजावाजाने उघडला, आणि काही वर्षांतच मुंबईची फेरी खंडित झाल्याचेही लोकांनी पाहिले. फेरी थांबली त्या दिवशी सिंधुदुर्ग मुंबईपासून किती तासांवर गेला? विमानाच्या तासाने मोजणाऱ्यास याचे उत्तर देता येणार नाही.

आमच्यावर जुनाटपणाचा आरोप येईल, हे आम्ही जाणतो. विमानांनी लोकांचे कल्याण केले आहे, आजारी आईपाशी मुलाला त्याच दिवशी पोहोचविले आहे, गोव्याच्या तरुणांना रोजगार दिला आहे. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आम्ही स्वतः विमानाने जातो. कोणी असेही सांगेल की, आता पडद्यावर साक्ष घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच ती मान्य केली आहे. मग अंतराचे रडगाणे कशाला? त्याला आमचे उत्तर असे की, ही सोय आमच्याच बाजूची साक्ष देते. गुरुजींना वाळपईतच बसवून ऐकणे शक्य असता त्यांना दोनदा मुंबईस आणले गेले. कारण विमान आहे या एका उत्तराने दुसरा विचार करण्याची गरजच संपविली होती.

अंतर खरोखर कमी कसे होते, याची उदाहरणे आपल्याच मुलखात आहेत. १९८२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीस स्थापन झाले. २००८ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ धारवाडास बसू लागले, आणि पाच वर्षांनी ते कायम झाले. बेळगावच्या पक्षकाराला बंगळूरपर्यंतची ५०० किलोमीटरांची वाट चुकली आणि ऐंशीएक किलोमीटरांवर दाद मागता येऊ लागली. सांबऱ्याहून बंगळूरला विमानाने जाता येते, या उत्तरावर बेळगावकरांनी समाधान मानले नाही, हे त्यांचे शहाणपण. २०२५ च्या ऑगस्टात कोल्हापूरला फिरते खंडपीठ सुरू झाले. त्यासाठी सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. आंबोलीचा घाट चढून सुमारे दीडशे किलोमीटर जाणाऱ्या सावंतवाडीच्या शेतकऱ्याला न्याय जितका जवळ आला, तितका तो कोणत्याही विमानाने आला नसता. दोडामार्गच्या रुग्णाला बांबोळीचे रुग्णालय जवळ आहे, तेही रस्त्याने पोहोचता येते म्हणून.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. सोळाव्या आदेशातील ते परंतुक ठेवावे; पण साक्षीदाराचे वय, प्रकृती, घरापासून विमानतळापर्यंतची वाट आणि सोबतीच्या माणसाचा खर्च यांचा विचार करणे न्यायालयावर बंधनकारक असावे. विमान रद्द झाल्याची भरपाई उड्डाणाच्या मिनिटांवर न ठेवता बुडालेल्या दिवसावर ठेवावी. आगगाडीच्या भाड्यात कल्पित किलोमीटर नसावेत. आणि दोन शहरांमधील अंतर सरकार जेव्हा आपल्या कागदांत लिहील, तेव्हा ते एका दाराहून दुसऱ्या दारापर्यंत, सर्वांत स्वस्त सार्वजनिक वाहनाने, भर पावसाळ्यात किती तासांचे आहे, हे लिहावे. तो आकडा मंत्र्यांना आवडणार नाही. पण तो खरा असेल, आणि त्यात देवगड, मालवण व वाळपई यांची गणना झालेली असेल.

आमचे गुरुजी पुढे फार दिवस राहिले नाहीत. दाव्याचा निकाल त्यांच्या साक्षीवर लागला, तो ऐकण्यास ते नव्हते. त्यांचे ते दोन दिवस, आणि दुसऱ्या खेपेचे आणखी दोन, कोणत्याही वेळापत्रकात नमूद नाहीत. मुंबईहून गोवे एका तासावर आहे असे यापुढे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच विचारावे: कोणाला?